नोंदवहीबाहेरचा रोग

मे २०२१ च्या उत्तरार्धात दिल्लीतील माझ्या टेबलावर रोज सायंकाळी एक तक्ता येत असे. डावीकडे राज्यांची नावे, त्यापुढे म्युकरमायकोसिसच्या रुग्णांची संख्या आणि शेवटच्या रकान्यात त्या राज्याला वाटून दिलेल्या अ‍ॅम्फोटेरिसिन-बी या औषधाच्या कुप्या. वाटपाचा निर्णय माझ्या हाती नव्हता. बेरजा बरोबर आहेत की नाहीत, एवढेच मला पाहायचे होते. बेरजा बरोबर असत. मात्र अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला जी खोड लागते तिला अनुसरून मी एके सायंकाळी कागदाच्या समासात एक भागाकार मांडला, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

२२ मे रोजी केंद्राने राज्यांना २३,६८० अतिरिक्त कुप्या वाटून दिल्याचे जाहीर केले. त्या दिवशी देशभरातील रुग्णांचा आकडा सुमारे ८,८४८ होता. म्हणजे एका रुग्णामागे पावणेतीन कुप्यांहूनही कमी. आता या औषधाचे प्रमाण पाहावे. त्याचा लायपोसोमल प्रकार रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे किमान ५ मिलिग्रॅम या हिशेबाने रोज द्यावा लागतो आणि एका कुपीत ५० मिलिग्रॅम असते. साठ किलोच्या माणसाला दिवसाला सहा कुप्या, चार आठवड्यांना १६८. सर्वच रुग्णांना लायपोसोमल औषध दिले जात नव्हते. जुना, मूत्रपिंडांना अधिक घातक असा प्रकार कमी मात्रेत लागतो. शिवाय तो एक हप्ता होता, पुढे आणखी हप्ते आले. हे सारे मान्य करूनही, जाहीर झालेला तो साठा पूर्ण मात्रेने वाटला असता तर अर्धा दिवससुद्धा पुरला नसता.

माझे एक मराठी सहकारी त्या आकड्यांच्या पलीकडे, एका रुग्णालयाच्या खाटेवर होते. दिल्लीत दुपारच्या जेवणाला मराठी बोलायला मिळावे म्हणून आम्ही वर्षानुवर्षे डबे एकत्र उघडत आलो होतो. त्यांना मधुमेह होता आणि आमच्या पिढीतील अनेकांप्रमाणे ते त्याला फारसा मान देत नसत. एप्रिलमध्ये त्यांना कोरोना झाला. प्राणवायूची गरज पडली नाही, पण कोणाच्या तरी मोबाइलवरून आलेल्या औषधांच्या यादीत स्टेरॉइड होते आणि ते त्यांनी घरच्या घरी दोन आठवडे घेतले. त्या काळात रक्तातील साखर एकदाही तपासली नाही. बरे होऊन आठवडा झाला, तेव्हा उजवा गाल बधिर झाल्यासारखा वाटू लागला आणि वरची दाढ हलू लागली. दाताच्या डॉक्टरांची वेळ घेण्यात दोन दिवस गेले. मग समोरच्या वस्तू दोन-दोन दिसू लागल्या. चष्म्याचा नंबर बदलला असावा, असे त्यांनी मला दूरध्वनीवर सांगितले आणि मीही होकार भरला. तो होकार मला आजही बोचतो.

या तीन लक्षणांचा एकमेकांशी संबंध कसा, हे मला नंतर समजले. शासकीय कामात असलेल्या, वैद्यकाचे शिक्षण नसलेल्या माणसालाही ते समजून घेणे अवघड नाही. गालाच्या हाडांत, कपाळात आणि दोन्ही डोळ्यांच्या मधल्या भागात हवेने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांनाच सायनस म्हणतात. माती, कुजका पाला, शिळे अन्न अशा सर्व ठिकाणी असणाऱ्या म्युकर वर्गातील बुरशीचे बीजाणू आपण सगळेच श्वासातून घेत असतो. निरोगी शरीर त्यांचा निकाल लावते. पण रक्तात साखर वाढलेली असेल, विशेषतः रक्त आम्लधर्मी झाले असेल, तर पांढऱ्या पेशी मंदावतात आणि एरवी प्रथिनांना बांधलेले लोह मोकळे होऊन या बुरशीचे खाद्य बनते. स्टेरॉइडमुळे साखर आणखी चढते आणि प्रतिकार आणखी खचतो.

या बुरशीचे तंतू रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरतात. रक्त आत गोठते, पुढच्या भागाचा पुरवठा तुटतो आणि तेथील मांस मरून काळे पडते. वृत्तपत्रांनी या रोगाला 'काळी बुरशी' म्हटले, पण काळी असते ती मेलेली त्वचा व मांस, बुरशी नव्हे. सायनस आणि डोळ्याची खोबण यांच्यामधील हाडाची भिंत इतकी पातळ असते की शरीरशास्त्रातील तिच्या लॅटिन नावाचा अर्थच 'कागदी पत्रा' असा आहे. ती ओलांडली की बुरशी डोळ्याच्या मागे पोहोचते. तेथून मागे मेंदूच्या तळाशी कॅव्हर्नस सायनस नावाचा कप्पा आहे. नाव सायनस असले तरी तो हवेचा नसून नीलांतील रक्ताचा आहे. डोळा हलवणारे तिन्ही मज्जातंतू, चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या मज्जातंतूच्या दोन शाखा आणि मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी, एवढे सारे त्या चिंचोळ्या जागेतून जाते. म्हणून गाल बधिर होतो, पापणी खाली पडते, एकाच्या दोन वस्तू दिसतात, दृष्टी जाते. आणि धमनीत रक्त गोठले तर पक्षाघात होतो. नाकाच्या छताला चाळणीसारखी छिद्रे असलेले हाड आहे; त्या वाटेने बुरशी थेट मेंदूच्या पुढच्या भागातही शिरू शकते. गाल बधिर होण्यापासून येथवरच्या प्रवासाला कधी कधी थोडेच दिवस लागतात. माझे सहकारी चष्म्याचा नंबर तपासायच्या गोष्टी करीत होते, ते हेच दिवस.

हा रोग नवा नव्हता. आर्नोल्ड पाल्टाउफ या वैद्यकाने १८८५ मध्येच मानवी शरीरातील या संसर्गाचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले होते. अमेरिकेत १९४३ मध्ये ग्रेगरी, गोल्डन आणि हेमेकर यांनी तीन रुग्णांची हकीकत छापली. तिघांनाही अनियंत्रित मधुमेह होता, तिघांचाही रोग डोळ्यामार्गे मेंदूत गेला आणि तिघेही दगावले. म्हणजे साखर, डोळा आणि मेंदू ही साखळी १९४३ पासून छापील स्वरूपात उपलब्ध होती. पुढे १९५५ च्या सुमारास, व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून अ‍ॅम्फोटेरिसिन-बी हाती आले. औषध प्रभावी होते, पण मूत्रपिंडांवर इतके कठोर की डॉक्टरांना रोग आणि औषध यांच्यात तोल सांभाळावा लागे. ते औषध मेदाच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत, म्हणजे लायपोसोममध्ये, भरून देण्याची युक्ती नंतर निघाली. या प्रकारचे भारतीय औषध मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात आणि केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या चमूने दिल्ली विद्यापीठातील संशोधकांच्या साथीने विकसित केले. परळच्या एका महापालिका रुग्णालयात झालेले हे काम आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

भारतातील धोक्याची नोंदही झाली होती. चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत (पीजीआय) डॉ. अरुणालोक चक्रवर्ती आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षे या रुग्णांचा हिशेब ठेवत आले. १९९० ते १९९९ या दहा वर्षांत त्यांच्याकडे १२९ रुग्ण आले. २००० ते २००४ या पाच वर्षांत १७८. त्यानंतर २००६-०७ मधील अवघ्या अठरा महिन्यांत ७५. वर्षाची सरासरी काढली तर सुमारे १३, मग ३६, मग ५०. एका रुग्णालयातील सुमारे अठरा वर्षांचा हा आलेख आहे आणि त्याची दिशा ओळखायला संख्याशास्त्राची पदवी लागत नाही. त्यांच्या २००६ च्या निबंधाच्या शीर्षकातच अनियंत्रित मधुमेह आणि वाढता कल हे दोन्ही उल्लेख आहेत. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात १६ रुग्णालयांत मिळून २८७ रुग्ण आढळले, त्यांपैकी १८७ कोविडशी निगडित होते आणि आदल्या वर्षीच्या त्याच चार महिन्यांच्या तुलनेत ही वाढ दुपटीहून किंचित अधिक होती. हा अभ्यास छापून यायला २०२१ चा मध्य उजाडला हे खरे. परंतु डिसेंबर २०२० मध्येच दिल्ली आणि अहमदाबादमधील डॉक्टरांनी वृत्तपत्रांतून इशारा दिला होता. दुसरी लाट तेव्हा अजून तीन-चार महिने दूर होती.

मग साठा का नव्हता? येथे दोष देण्यासाठी एखादी व्यक्ती शोधणे सोपे, पण निरर्थक आहे. ज्या मालाची मागणी किती हे कोणालाच ठाऊक नाही, तो माल कोणताही उत्पादक आगाऊ बनवून ठेवत नाही. लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनची निर्मिती किचकट आहे, कुपीची किंमत हजारांत आहे आणि निर्जंतुक उत्पादनाची क्षमता आठवड्याभरात वाढवता येत नाही. मे २०२१ मध्ये देशांतर्गत उत्पादनाचा अंदाज सुमारे १ लाख ६३ हजार कुप्यांचा होता आणि आयात ३ लाख ६३ हजारांची धरली होती. दोन्ही मिळून सव्वापाच लाखांच्या थोडे वर. पूर्ण मात्रेच्या चार आठवड्यांच्या हिशेबाने त्यात सुमारे तीन हजार रुग्णांचा उपचार होतो. देशाची मागणी मोजण्याची सक्तीच नव्हती, कारण हा रोग राष्ट्रीय पातळीवर कळवावयाच्या रोगांत नव्हता. चंडीगडची नोंदवही होती, देशाची नव्हती.

या म्हणण्याचा पुरावा त्याच औषधाच्या दुसऱ्या कहाणीत आहे. बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगाल या राज्यांत वाळूमाशीमुळे पसरणारा काळा आजार पिढ्यान् पिढ्या गरिबांचे बळी घेत आला. त्यावरही लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन चालते. मुझफ्फरपूर येथे झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने एकाच मात्रेत बहुतांश रुग्ण बरे होतात, हे दाखवले. डिसेंबर २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका औषध कंपनीशी करार करून पाच वर्षांसाठी ४ लाख ४५ हजार कुप्या दान म्हणून मिळवल्या. हे दान मागता आले, कारण किती कुप्या लागतील हे सांगता येत होते. कार्यक्रमाचे उद्दिष्टच गटवार होते: प्रत्येक गटात वर्षाला दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण. ५४ जिल्ह्यांतील ६३३ गटांची मोजणी होत राहिली आणि २०२३ अखेर सर्व गट त्या मर्यादेखाली आले. औषध तेच, देश तोच, यंत्रणाही बहुतेक तीच. एका आजाराचा रुग्ण गावपातळीवर मोजला जात होता, दुसऱ्याचा जात नव्हता.

२० मे २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून म्युकरमायकोसिस हा साथरोग कायदा, १८९७ अन्वये अधिसूचित करण्यास सांगितले. राजस्थानने आदल्याच दिवशी तसे पाऊल उचलले होते. या कायद्याचा इतिहास मराठी माणसाला वेगळा सांगायला नको. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय वैद्याने प्लेग ओळखला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी अवघ्या चार कलमांचा हा कायदा झाला. तपासणी, विलगीकरण, घरझडती यांचे अधिकार त्यातून आले. पुण्यात त्या अधिकारांचा वापर ज्या रीतीने झाला, त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड यांच्यावर झाडलेल्या गोळीत झाला. माणसांना माणसांपासून वेगळे करण्यासाठी केलेला तो कायदा होता.

म्युकरमायकोसिस मात्र एका माणसाकडून दुसऱ्याला होतच नाही. तेथे विलगीकरणाला अर्थ नाही, घरझडतीला नाही, प्रवासबंदीलाही नाही. १२४ वर्षांनी त्या कायद्याचा उपयोग केवळ एका कामासाठी झाला: प्रत्येक शासकीय व खाजगी रुग्णालयाने संशयित आणि निश्चित रुग्ण जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यामार्फत कळवावा. म्हणजेच मोजणी. माझ्या मते त्या कायद्याचा हा सर्वांत सौम्य आणि सर्वांत उपयुक्त वापर असावा.

मोजणी सुरू होताच रोगाचे स्वरूप कागदावर उतरू लागले. ७ जूनपर्यंत २८ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतून २८,२५२ रुग्ण नोंदले गेले. महाराष्ट्रात ६,३३९ आणि गुजरातमध्ये ५,४८६. २८ जूनपर्यंत आकडा ४०,८४५ झाला. त्यांपैकी ३१,३४४ रुग्णांचा रोग नाक व सायनसमधून डोळा-मेंदूच्या दिशेने जाणाऱ्या प्रकारचा होता. मृत्यू ३,१२९. मधुमेह असलेले ६४ टक्के, स्टेरॉइड घेतलेले जवळपास ५३ टक्के. रुग्णांपैकी तीनचतुर्थांश साठीच्या आतले, म्हणजे घर चालवणारे. नोव्हेंबर २०२१ अखेर एकूण संख्या ५१ हजारांच्या पुढे गेली. मोजणीपाठोपाठ इतर गोष्टीही घडल्या. आणखी पाच उत्पादकांना परवाने मिळाले, १२ जूनच्या बैठकीत वस्तू व सेवा कर परिषदेने या औषधावरील कर शून्यावर आणला आणि पुढे ती सवलत वर्षअखेरपर्यंत वाढवली. प्रशासन हलले, हे नाकारता येत नाही. फक्त ते हलले तेव्हा रुग्ण खाटेवर होते.

१ जून रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने, औषध अपुरे असताना ते आधी कोणाला द्यायचे याचे धोरण ठरवण्यास केंद्राला सांगितले. वय, बरे होण्याची शक्यता, कुटुंबाची भिस्त यांचा तोल कसा लावायचा, हा प्रश्न न्यायाधीशांनाही जड गेला असणार. माझ्या टेबलावरच्या तक्त्यात तो प्रश्न दिसत नव्हता. तेथे फक्त रकाने होते. टंचाईचे वाटप हा आमच्या शास्त्राचा पहिला धडा आहे. पण तो शिकताना उदाहरण गहू आणि कापडाचे असते.

माझे सहकारी ११ मे रोजी दाखल झाले. पहिल्या शस्त्रक्रियेत सायनसमधील मेलेला भाग खरवडून काढला, दुसरीत टाळूचा व वरच्या जबड्याचा उजवा भाग गेला, तिसरीत उजवा डोळा. कुप्यांसाठी वहिनी आणि त्यांचा पुतण्या चार शहरांतल्या ओळखी धुंडाळत होते. कधी तीन मिळत, कधी एकही नाही. बुरशी मेंदूपर्यंत पोहोचली नाही, म्हणून ते वाचले. सहा महिन्यांनी ते कार्यालयात परत आले. टाळूला बसवलेल्या कृत्रिम पट्टीमुळे त्यांचे काही उच्चार बदलले आहेत. 'न' आणि 'म' ओळखायला सुरुवातीला कान द्यावा लागे.

एका दुपारी डबा उघडताना त्यांनी मला विचारले, "तुमच्या त्या तक्त्यात मी कुठल्या रकान्यात होतो हो?" प्रश्नात कडवटपणा नव्हता, ते स्वतः आयुष्यभर तक्तेच करत आले आहेत. मी तारखा आठवल्या. ते दाखल झाले ११ तारखेला, कळवण्याचा आदेश निघाला २० तारखेला. ज्या नऊ दिवसांत त्यांना रोज सहा कुप्यांची गरज होती, त्या नऊ दिवसांत ते कोणत्याच रकान्यात नव्हते. मी तसे सांगितले. ते म्हणाले, "वाटलंच मला," आणि जेवू लागले.

ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बुरशीजन्य रोगकारकांची पहिली प्राधान्यसूची प्रसिद्ध केली आणि त्यात या बुरशीच्या गटाला उच्च प्राधान्य दिले. जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे सुमारे १०.१ कोटी रुग्ण आहेत आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. कोविडची लाट ओसरली तरी ही जमीन तशीच आहे. साथ नसतानाही हा रोग मोजत राहणे, हे खर्चाच्या दृष्टीने क्षुल्लक आणि उपयोगाच्या दृष्टीने मोठे काम आहे. साथीच्या काळातील आदेश पुढेही टिकवून ठेवणारी नस्ती उघडी ठेवावी, एवढीच माझी प्रशासनातील धाकट्या मंडळींना विनंती.

आपण घरापासून दूर राहणारी माणसे. इथे शेजारच्या डॉक्टरांना आपली प्रकृती पिढ्यान् पिढ्या ठाऊक नसते आणि गावाकडच्या वडीलधाऱ्यांची साखर आपण दूरध्वनीवरूनच विचारतो. तेव्हा एवढे लक्षात असू द्यावे. मधुमेह असलेल्या माणसाचा एका बाजूचा गाल बधिर झाला, वरचा दात विनाकारण हलू लागला, नाकातून काळपट स्राव आला, पापणी जड झाली किंवा एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, तर त्याच दिवशी नाक-कान-घशाच्या तज्ज्ञाकडे मोठ्या रुग्णालयात जावे. दुसऱ्या दिवसाची वेळ घेऊ नये. आणि कोणत्याही कारणाने स्टेरॉइड सुरू असेल, तर साखर रोज तपासावी. तपासणीची एक पट्टी वीस-पंचवीस रुपयांना मिळते.

आमच्या जेवणाच्या टेबलावर आता डब्यांच्या शेजारी तपासणीचे यंत्र असते. जेवणाआधी ते बोटाला टोचतात, आकडा एका लहान वहीत लिहितात आणि मग वही माझ्याकडे सरकवतात. मग मीही टोचून घेतो. असो.